इनडोअर सामन्यांसाठी फास्ट फिल्म घेताना या चुका टाळा

नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात बॅडमिंटन बघताना हॉल लख्ख वाटतो. फिल्मला तसा वाटत नाही, म्हणून कमी उजेडात चालणारी ‘फास्ट’ फिल्म लागते. बऱ्याच इनडोअर हॉलमध्ये आयएसओ (फिल्मचा वेग, म्हणजे उजेड टिपायची क्षमता) १६०० आणि एफ २.८ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितका उजेड जास्त) धरलं, तर १/५०० सेकंदाचा शटर कसाबसा मिळतो. त्याच उजेडात ४०० ची फिल्म १/१२५ वर येते आणि स्मॅश मारणारा हात नुसता पुसट पट्टा होतो. त्यात एफ ५.६ चा झूम लावला तर १/३०! म्हणून फिल्मच्या आधी ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स बघा. फ्लॅशचा विचारही नको, खेळाडू वैतागतात.

सगळ्यात जास्त गफलत होते ती डबीवरच्या आकड्याची. इलफर्ड डेल्टा ३२०० चा खरा वेग साधारण १००० आहे, कोडॅक टी-मॅक्स पी३२०० चा ८०० ते १०००. ३२०० मिळतो तो डेव्हलपिंग वाढवून, म्हणजे पुश करून. पुश केल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो, पण सावलीत जे उमटलंच नाही ते येत नाही. गरज नसेल तर याच फिल्म १६०० वर वापरा. माझी पसंती मात्र इलफर्डची ४०० ची एचपी५ प्लस १६०० वर पुश करण्याला. मागच्या रिकाम्या खुर्च्या काळ्या पडल्या तर बरंच!

पुश करायचं तर पूर्ण रोल एकाच आयएसओवर काढा. डबीवरचा डीएक्स कोड (फिल्मचा वेग सांगणारी खूण) वाचून कॅमेरा आपोआप ४०० लावतो, तो हाताने बदला. अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ही सोयच नसते. आणि डबीवर मार्करने ‘१६००’ लिहा, नाहीतर लॅबवाला नेहमीच्या वेळेत धुऊन मोकळा होईल.

घरी धुणाऱ्यांसाठी: एचपी५ ला १६०० वर मायक्रोफेन डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (पाणी न वाढवलेल्या द्रावणात) २० अंशांना ११ मिनिटं लागतात. मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी २० अंशांच्या जवळपासही नसतं. बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका.

रंगीत हवी असेल तर पोर्ट्रा ८००. सिनेस्टिल ८००टी पिवळ्या टंगस्टन दिव्यांसाठी आहे, पांढऱ्या एलईडीत ती निळी पडते. जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/५०० वर एक फ्रेम उजळ, दुसरी मंद येऊ शकते. तो दोष फिल्मचा नाही.

फास्ट फिल्म उन्हाळ्यात लवकर धुरकट होते, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढा. विमानतळावर एक्स-रे मशीनऐवजी हाताने तपासायची विनंती करा.

निगेटिव्ह फिकी आली तर आधी कडेची अक्षरं बघा. ती कारखान्यातच उमटवलेली असतात. अक्षरं ठळक पण फ्रेम फिकी असेल, तर उजेड कमी पडला. अक्षरंही फिकी असतील, तर डेव्हलपिंग कमी झालं.