पहिली स्की घेण्याआधी: ठाणे-नवी मुंबईहून म्युनिकला येणाऱ्यांसाठी

राहते म्युनिकला, पण गणपतीला मी ठाण्यात असते, हे आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ झालंय. आरती संपून खिरापत हातावर पडायच्या आत कुणाची तरी आई गाठते, "अगं, आमचा ऑक्टोबरात म्युनिकला चाललाय, जरा बोल ना त्याच्याशी." पूर्वी विचारायचे ते कुकर न्यावा का आणि तूरडाळ मिळते का. यंदा तिघांनी स्कीबद्दल विचारलं. घोडबंदर रोडच्या एका मुलाने तर मोबाइलच पुढे केला. ऑनलाइन सेलमधली जोडी, कंबर, म्हणजे स्कीची बुटाखालची रुंदी, १०६ मिलिमीटर, फक्त पैसे भरायचे बाकी. रात्री खारघरहून भाचीचाही फोन आला, तोच प्रश्न. म्हणून एकदाच बसून लिहिते आहे.

त्या मुलाला मी विचारलं, हीच का? तर म्हणाला, मावशी, जपानचा व्हिडिओ बघितला, कमरेपर्यंत बर्फ आणि माणूस त्यातून पोहतोय. अरे बाबा, व्हिडिओतला बर्फ शनिवारी आपल्या वाट्याला येत नाही. स्की घ्यायची ती शनिवारच्या बर्फाची.

हा शनिवारचा बर्फ कसा असतो, ते आधी सांगते. म्युनिकहून गार्मिश-पार्टेनकिर्शेन किंवा लेंगग्रीसला गाडीने जायला साधारण ठाण्याहून कर्जतला जाण्याइतकाच वेळ लागतो, आणि गर्दीही ओळखीची वाटेल. जर्मनीतला सर्वांत उंच डोंगर झुगस्पिट्झ २,९६२ मीटरचा, त्याच्या पठारावर बर्फ चांगला टिकतो. पण नेहमीचे डोंगर बुटके. लेंगग्रीसचा ब्राउनेक जेमतेम १,५५५ मीटर. इतक्या कमी उंचीवर आभाळातल्या बर्फावर भागत नाही, रात्री तोफा लावून पाण्याचे तुषार उडवतात. आभाळातून पडते ती सहा पाकळ्यांची चांदणी. तोफेतून पडतो तो साबुदाण्याहून बारीक, गोल दाणा. हे दाणे एकमेकांना चिकटून बसतात आणि सकाळी यंत्राने रेघा ओढलेला उतार दिसतो सुंदर, पण असतो टणक. अकरापर्यंत शंभर लोकांनी तो खरवडलेला असतो, मधे मधे निळसर काच दिसायला लागते. दुपारी ऊन लागलेल्या बाजूला ढिगारे. मार्चमध्ये दोननंतर सगळा उसाच्या रसातल्या बर्फाचा चुरा. एकाच दिवशी, एकाच उतारावर.

आपण पावसाला भुरभुर, रिमझिम, सर, संततधार, मुसळधार असं किती काय म्हणतो. तिकडच्या लोकांचं बर्फाच्या बाबतीत तसंच आहे, आणि यातले तीन-चार शब्द पाठ केलेत तर दुकानात तुमचीच सोय. पुल्व्हर म्हणजे कोरडा, पिठीसारखा ताजा बर्फ. फिर्न म्हणजे वसंतात रात्री गोठलेला आणि सकाळच्या उन्हात वरचा बोटभर थर मऊ झालेला. हा सगळ्यांचा लाडका, पण तास-दोन तासांचा पाहुणा. सुल्ट्स म्हणजे तो दुपारचा ओला चुरा. आणि ब्रुखहार्श, वर पापुद्रा, खाली पोकळ. स्की पापुद्र्यावर चालते, मधेच फोडून आत जाते, आणि आपण तोंडावर. ब्रुखहार्शमध्ये कुठलीच स्की चांगली चालत नाही, त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका.

सह्याद्रीत फिरलेल्यांना वेगळ्या शब्दांत सांगते. हरिश्चंद्रगडाला जाताना आपण कातळासाठी एक, घसाऱ्यासाठी दुसरा आणि चिखलासाठी तिसरा बूट नेतो का? ते अॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट सगळ्यांच्या पायात असायचे ते याचसाठी. कातळावर पकड, घसाऱ्यावर बऱ्यापैकी, चिखलात चालवून घ्यायचं. ऑल-माउंटन स्की म्हणजे तेच. कशातच पहिला नंबर नाही, पण कुठे अडूनही बसत नाही.

हे शहाणपण मला तिसऱ्या जोडीला आलं. मी २००७ साली तिकडे गेले. पहिली जोडी जुन्या सामानाच्या बाजारातून उचलली. कंबर ६८ मिलिमीटर, लांबी १६५ सेंटिमीटर, माझी उंची १६०. सकाळी आठला ती स्वर्ग होती. दुपारच्या सुल्ट्समध्ये टोक ढिगाऱ्यात घुसायचं आणि मी तिथेच उभी. नंतर एका ओळखीच्यांबरोबर ऑस्ट्रियातल्या श्टुबाईच्या हिमनदीवर गेले, आदल्या रात्री चांगला बर्फ पडला होता, आणि डोकं फिरलं. आठवड्यात दुकानात. दुकानदाराने डोळे मिटून १०० मिलिमीटरची, हलकी, पिसासारखी जोडी हातात दिली. "हिच्यावर सगळं होतं," म्हणाला. फेब्रुवारीत ब्राउनेकवर सावलीतल्या काचेवर तिची कड धरेना, मी आडवी घसरत थेट जाळीत. हाड वाचलं, गुडघा महिनाभर बोलत होता. त्या हिवाळ्याची माझी वही अजून आहे. चौदा दिवस डोंगरावर, त्यात टणक सात, सुल्ट्स चार, एक दिवस नुसतं धुकं. पुल्व्हर दोन. दोन दिवसांसाठी मी बारा दिवसांची माती केली होती. तिसरी जोडी ८४ मिलिमीटरची, लांबी १५८. आजही तीच.

आता कंबर हे काय प्रकरण आहे. स्की टोकाशी आणि शेपटीशी रुंद, बुटाखाली अरुंद असते. त्या सर्वांत अरुंद जागेचं माप म्हणजे कंबर. वळताना आपण स्की कुशीवर कलवतो आणि तिची पोलादी कड बर्फात रुतते. अरुंद स्कीची कड पावलाच्या खाली येते, त्यामुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जाता येतं. रुंद स्कीची कड पावलाच्या बाहेर जाते. टणक उतारावर ती रोवून धरायला घोट्याला आणि गुडघ्याला जास्त ताकद लावावी लागते. खोल मऊ बर्फात उलटं, रुंदीमुळे वजन पसरतं आणि स्की तरंगते. ढोबळ मानाने ७५च्या आत फक्त तयार उतारांसाठी, ८० ते ९० आल्प्समधल्या सरमिसळीसाठी, ९५ ते १०५ जिथे खूप बर्फ पडतो त्या अमेरिका-कॅनडाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांसाठी, त्यापुढे पिठीत पोहायला. म्हणूनच इंटरनेटवरचे सल्ले जपून वाचा. कॉलोराडोतला माणूस ९८ला "सगळ्यात उपयोगी" म्हणतो ते खोटं नाही, पण त्याचा डोंगर वेगळा.

बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या नावातच हा आकडा लिहितात. फोल्कलची केंडो ८८, हेडची कोर ८७. फोल्कलचा कारखाना बव्हेरियातच श्ट्राउबिंगला आहे, अटॉमिक आणि फिशर ऑस्ट्रियातल्या. ब्लिझार्डची चक्क ब्रह्मा नावाची स्की होती, ८२ आणि ८८ अशा मापांत मिळायची. आमच्या मंडळातले एक काका ती पायात घालायच्या आधी वाकून नमस्कार करतात. कंपनीवरून मात्र भांडत बसू नका. पहिल्या तीन वर्षांत तुम्हाला त्यातला फरक कळणार नाही, मला कळला नव्हता.

कंबरेनंतर बघायचं ते वजन. हलकी स्की दुकानात हातात घेतली की प्रेमात पडायला होतं, पण दुपारच्या गोठलेल्या ढेकळांवर ती थरथरते, जागेवरून उडते. लाकडी गाभ्यावर टिटॅनलचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचा पत्रा असला की ती शांत चालते. दोन जाड पत्रे असले तर वाकवायला वजन आणि जोर हवा, नवख्याचा निभाव लागत नाही. टोक थोडं आधीपासूनच वर उचललेलं असावं, त्याला रॉकर म्हणतात. त्याने वळण सोपं होतं आणि ढिगाऱ्यात टोक घुसत नाही. पण बुटाखाली कमान हवी, ती टणकावर कड दाबून धरते. स्की सपाट टेबलावर ठेवून बाजूने बघा, दोन्ही गोष्टी नुसत्या डोळ्याला दिसतात. लांबी हनुवटी ते कपाळाच्या मधे, नाकापाशी थांबलात तर फारसं चुकत नाही. शेपटीजवळ वळणाची त्रिज्या मीटरमध्ये छापलेली असते, ती १५ ते १८च्या घरात असली की पुरे.

एवढं सगळं सांगितल्यावर आता खरी गोष्ट. स्की नंतर. आधी बूट.

हे कुणालाच ऐकायचं नसतं. पण चुकीच्या स्कीवर दिवस निघतो, चुकीच्या बुटात दुसरा तास निघत नाही. बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. घरी भिंतीला टाच लावून मोजा. पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर तर माप २६.५. बाहेरचं कवच बहुधा २६ आणि २६.५ला एकच असतं, बदललीच तर आत पावलाखालची गादी बदलते. दुकानात आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाऊल घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक-दोन बोटं जावीत, मूठ जात असेल तर बूट मोठा आहे. मग अस्तरासकट घालून ताठ उभे राहा. बोटं पुढे लागली तर घाबरू नका, गुडघे वाकवले की ती मागे सरतात. आपली पावलं चपला-फ्लोटर्समध्ये वाढलेली, बोटांकडे पसरट. म्हणून लास्ट, म्हणजे बुटाची आतली रुंदी, १०० ते १०२ मिलिमीटर मागा. बहुतेक आपले लोक "जरा सैल बरं" म्हणून एक माप मोठं घेतात, लहानपणी शाळेचे बूट घ्यायचे तसे. सैल बुटात तुम्ही पाय वळवता आणि स्की सरळ जाते. कडकपणाचा आकडा, फ्लेक्स, सुरुवातीला ७० ते १००च्या मधे ठेवा, वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, एकाचा ९० दुसऱ्याच्या ८०सारखा लागतो.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, दुकानातच लावून घ्या, स्वतः स्क्रू फिरवू नका. पडल्यावर बूट कधी सुटायचा ते तिथे ठरतं, आणि त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता हे विचारतात. इथे वजन चोरणारे मी पाहिलेत, आणि "येतं मला चांगलं" म्हणणारेही. ती फुशारकी थेट गुडघ्यावर जाते. बूट बदलला की पुन्हा जा. आणि एक, बुटाला ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा जाणारा, तळ असेल तर बाइंडिंग त्याला चालणारी आहे का ते विचारा, जुन्या बाइंडिंग चालत नाहीत.

पहिला हिवाळा सगळं भाड्याने घ्या. पूर्ण मोसमाचं भाडंही असतं. उताराच्या तळाशी असलेल्या दुकानात टेस्टस्की मागितली तर बहुतेक ठिकाणी दिवसात बदलून देतात. सकाळी ७८, दुपारी ८८, आणि टणकावर काय वाटलं, चुऱ्यात काय वाटलं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. विद्यार्थी असाल तर विद्यापीठांच्या क्रीडा केंद्राचे शिकवणीवर्ग आहेत, खासगी शिकवणीपेक्षा खूप स्वस्त. त्यांच्या जागा भराभर जातात.

दुसऱ्या हिवाळ्यात जुनी जोडी बघायला हरकत नाही. नोव्हेंबरात ठिकठिकाणी स्कीबाजार भरतात. तिथे कडेवरून नख फिरवा, खाच किंवा तडा लागला तर ठेवून द्या. तळाला पडलेला खड्डा लाकडापर्यंत गेला असेल, बाजूची पट्टी सुटत असेल, बाइंडिंगभोवती पूर्वीची बुजवलेली भोकं असतील, तरी ठेवून द्या. फार जुन्या बाइंडिंगला दुकानदार हातही लावत नाहीत. आणि घरमालकाने तळघरातली सरळसोट, बांबूसारखी लांब जोडी प्रेमाने दिली तर भिंतीला शोभेसाठी लावा. स्लोव्हेनियाच्या एलानने १९९३ साली खोल कंबरेची स्की बाजारात आणली, त्यानंतर वळायची रीतच बदलली. तुम्हाला आज जे शिकवतील ते त्या जुन्या जोडीवर होत नाही.

विम्याचं थोडक्यात. जर्मनीत पोचल्यावर सगळे तुम्हाला हाफ्टप्फ्लिख्ट, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, घ्यायला सांगतील. घ्याच, तो उतारावरही लागतो. इटलीच्या उतारांवर तर २०२२पासून तो सक्तीचा आहे, आणि २०२५च्या नोव्हेंबरपासून सर्व वयांना हेल्मेटही. आल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलं की डोंगरातून सोडवून आणायच्या खर्चाचा विमा त्यात येतो. उतारावर पुढच्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने सांभाळायचं, घोडबंदर रोडच्या बरोबर उलट. आणि ऑल-माउंटन नाव आहे म्हणून खांब रोवलेल्या वाटेबाहेर जायचं नाही. बाहेर हिमस्खलन असतं, त्याचा पाच पायऱ्यांचा इशारा रोज निघतो, आणि तिथे लागणारं सामान आणि शिक्षण वेगळं.

घोडबंदरच्या मुलाने ती १०६ रद्द केली, असं त्याच्या आईने विसर्जनाच्या दिवशी सांगितलं. आता तो ८६ आणि ८८मध्ये अडकलाय. दोन मिलिमीटर, बाळा, कुठलीही घे, पण पुढच्या वर्षी.

इथून स्कीसाठी न्यायचं असं काही नाही. भाची म्हणते आजीने तिच्यासाठी दोन जाड लोकरी मोजे विणलेत. ते घरात घालायला ने. स्कीच्या बुटात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा लागतो. जाड मोज्याने पाऊल आवळलं जातं, रक्त अडतं आणि पाय जास्त गारठतो. स्कीबाजाराची तारीख कळली की निरोप टाकेन, येताना तेच पातळ मोजे घालून या म्हणजे बूट तिथल्या तिथे घालून बघता येतील.