ओबीएसची नवी आवृत्ती आली, तर अपडेट कधी आणि कसे करावे

गणिताचा तास चित्रित करायला बसलेल्या शिक्षकाने संगणकाचा पडदा चित्रित करणारे ओबीएस स्टुडिओ उघडावे आणि नेमकी तेव्हाच नव्या आवृत्तीची खिडकी समोर यावी, हा प्रसंग नेहमीचा आहे. वेळ हातात नसतो, म्हणून घाईघाईने होकाराचे बटण दाबले जाते, किंवा त्याहून अधिक वेळा ती खिडकी बंद केली जाते आणि पुढे वर्षानुवर्षे बंदच केली जात राहते. दोन्ही सवयी नुकसानीच्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ज्या असंख्य मराठी शिक्षकांनी पडदा चित्रित करायला सुरुवात केली, त्यांच्यापैकी अनेकांची सगळी व्यवस्था आजही त्या वेळी कुणी लावून दिली तशीच आहे, आणि तिच्यात काय बदलले, काय बंद पडणार आहे याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ती बातमी कोठे पाहावी, कशी वाचावी आणि वाचल्यावर संगणकापाशी बसून नेमके काय करावे, ते येथे सांगतो.

बातमीचे आणि डाउनलोडचे मूळ ठिकाण

ओबीएस हे खुल्या स्रोताचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची सुरुवात २०१२ मध्ये झाली. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय नवे आले, काय दुरुस्त झाले आणि काय काढून टाकले, याचे टिपण ते बनवणारा चमू स्वतः गिटहब या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो. यूट्यूबवरील ‘नवीन दहा भन्नाट सुविधा’ छापाच्या व्हिडिओत काय काढून टाकले हे सहसा सांगितलेले नसते, आणि आपल्याला तर तेच आधी कळायला हवे असते. म्हणून मूळ टिपण वाचण्याची सवय लावावी. इंग्रजी असले तरी ते छोट्या, सुट्या वाक्यांत असते आणि एरवी दहा मिनिटांत वाचून होते.

डाउनलोड करताना शोधयंत्रात ‘ओबीएस’ टाकून पहिल्या दुव्यावर कधीही टिचकी मारू नये, हे मी आग्रहाने सांगेन. २०२३ च्या जानेवारीत ओबीएस, व्हीएलसी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या नावाने शोध-निकालांच्या वर जाहिराती लावून बनावट संकेतस्थळांवरून घातक फाइली पसरवल्या गेल्या होत्या आणि त्यात लोकांची खाती लुटली गेली. पत्ता स्वतः टंकित करावा, ‘ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम’ असा, किंवा आधीपासून बसवलेल्या ओबीएसच्या ‘हेल्प’ मेनूतील ‘चेक फॉर अपडेट्स’ वापरावे. लिनक्सवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२५ च्या फेब्रुवारीत ओबीएसच्या चमूने फेडोरा या लिनक्स-प्रकाराच्या चमूला जाहीरपणे सांगितले होते, की फेडोराने स्वतः बांधलेले ओबीएसचे फ्लॅटपॅक (लिनक्सवर बसवण्याचा तयार गठ्ठा) सदोष आहे आणि त्याच्या तक्रारी मात्र आमच्याकडे येत आहेत. वाद पुढे मिटला, पण आपल्या संगणकावरचे ओबीएस कुणी बांधलेले आहे हे माहीत नसेल, तर तक्रारही भलत्याच दारी जाते. मूळ चमूचे फ्लॅटपॅक फ्लॅटहब या संकेतस्थळावर मिळते.

आवृत्तीचा क्रमांक आणि टिपण कसे वाचावे

क्रमांकाचे तीन भाग असतात. पहिला आकडा बदलला, तर मोठा बदल झाला असे समजावे. दुसरा बदलला तर सुविधांची भर पडलेली असते, आणि तिसरा बदलला तर बहुधा चुका दुरुस्त झालेल्या असतात. पहिला आकडा बदलला की कामाच्या संगणकावर लगेच हात घालू नये. दोन-तीन आठवडे थांबावे, तोवर पहिली दुरुस्ती-आवृत्ती बहुतेक वेळा आलेली असते.

असे का, ते २८ व्या आवृत्तीच्या उदाहरणावरून नीट कळते. ती ३१ ऑगस्ट २०२२ रोजी आली. टिपणात एचडीआर (अधिक उजळ-गडद छटांचे चित्र) आणि अॅपल सिलिकॉन म्हणजे अॅपलची स्वतःची चिप असलेल्या संगणकांसाठी खास बांधणी या आनंदाच्या बातम्या होत्या, पण त्याच टिपणात असेही लिहिले होते, की विंडोज ७ आणि ८ यांवर, तसेच ३२-बिट संगणकांवर ही आवृत्ती चालणार नाही. शिवाय ओबीएसच्या खिडक्या, बटणे ज्या क्यूटी नावाच्या संचावर उभ्या असतात, तो पाचव्यावरून सहाव्या पिढीवर नेला होता. हे एक वाक्य वरवर वाचणाऱ्याला निरुपयोगी वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होता, की जुन्या क्यूटीच्या आधारे स्वतःच्या खिडक्या दाखवणारी सगळी प्लगइन (ओबीएसला जोडायची, इतरांनी बनवलेली छोटी सॉफ्टवेअरे) त्यांच्या लेखकांनी नव्याने बांधून देईपर्यंत चालणार नाहीत. ज्याचा तास एखाद्या प्लगइनवर अवलंबून आहे, त्याने हे वाक्य आधी वाचले असते तर तो थांबला असता, आणि ज्याच्याकडे एकही बाहेरचे प्लगइन नव्हते, त्याला या वाक्यामुळे थांबण्याचे कारण नव्हते.

म्हणून टिपण उघडले की नव्या सुविधांकडे नंतर वळावे. आधी आपली कार्यप्रणाली अजून चालते का ते पाहावे, मग काही काढून टाकले आहे का ते पाहावे, आणि शेवटी आपल्या प्लगइनांची यादी समोर धरून एकेकाच्या पानावर नव्या आवृत्तीचा उल्लेख आहे का ते तपासावे. ही यादी कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवली तरी चालेल. सेटिंग्जच्या ‘जनरल’ विभागात अपडेट चॅनल निवडता येते, ते कामाच्या संगणकावर ‘स्टेबल’, म्हणजे चाचणी पूर्ण झालेल्या आवृत्त्यांचे, हेच असावे.

दुसरा आकडा बदलला म्हणून बातमी किरकोळ समजू नये. जुलै २०२४ मधील ३०.२ या आवृत्तीत ‘हायब्रिड एमपी४’ आले. साध्या एमपी४ मध्ये चित्रीकरण चालू असताना वीज गेली, तर फाइलचा शेवट लिहिला जात नाही आणि संपूर्ण फाइल उघडेनाशी होते. या कारणासाठी आजवर एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात चित्रित करून ‘फाइल’ मेनूतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने एमपी४ करून घ्यावे लागे. हायब्रिड प्रकारात फाइल तुकड्यातुकड्याने लिहिली जाते आणि शेवटी नेहमीच्या एमपी४ सारखी बंद केली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो. जेथे भारनियमन नित्याचे आहे तेथील शिक्षकासाठी एवढी एक ओळ अपडेट करण्यास पुरेशी आहे.

जी बातमी थांबण्यासारखी नसते

सुरक्षेतील त्रुटीची बातमी आली, तर वर सांगितलेले थांबण्याचे धोरण लागू होत नाही. मार्च २०२३ मध्ये उघड झालेली ‘एक्रॉपॅलिप्स’ ही त्रुटी स्क्रीनशॉट घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. ती प्रथम गूगलच्या पिक्सेल फोनमधील मार्कअप या साधनात सापडली आणि काही दिवसांतच विंडोज ११ चे स्निपिंग टूल व विंडोज १० चे स्निप अँड स्केच यांतही तशीच चूक असल्याचे दिसले.

घडत असे ते असे. समजा, बँकेच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि साठवला. मग खाते क्रमांक असलेला खालचा भाग कापून, तीच फाइल त्याच नावाने पुन्हा साठवली. नवे चित्र लहान असल्याने ते जुन्या फाइलच्या सुरुवातीला लिहिले जाई, पण उरलेली जुनी माहिती कापून टाकली जात नसे. चित्र उघडल्यावर कापलेलेच दिसे, कारण पीएनजी चित्राचा शेवट दाखवणारी खूण आली की चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर तेथेच थांबते. त्या खुणेपुढे मात्र मूळ चित्राचा शेवटचा भाग पडून राही आणि जाणकाराला तो पुष्कळ अंशी परत मिळवता येत असे. पाव भाग उरलेल्या चित्राच्या फाइलचा आकार पूर्वीइतकाच राहणे, ही त्याची साध्या डोळ्यांना दिसणारी खूण होती.

दुरुस्ती मार्च २०२३ मध्येच आली, परंतु दुरुस्तीने आधी कापून ठेवलेली चित्रे आपोआप स्वच्छ होत नाहीत. म्हणून अशी बातमी वाचल्यावर कामे दोन असतात: सॉफ्टवेअर त्याच दिवशी अपडेट करणे, आणि जुन्या फाइलींचा माग काढणे. त्या काळातील कापलेले स्क्रीनशॉट शोधून, दुरुस्त झालेल्या साधनात उघडून वेगळ्या नावाने साठवावेत आणि जुने पुसून टाकावेत. ईमेलला जोडून किंवा व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते, तेव्हा तशा पाठवण्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

कार्यप्रणालीच्या बातम्याही आपल्याच असतात. मॅकवर २०१९ मधील कॅटलिनापासून पडदा चित्रित करण्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि २०२४ मधील सेकोयापासून ती परवानगी चालू ठेवायची का, असे मॅक अधूनमधून पुन्हा विचारू लागला. अपडेटनंतर पडदा काळा दिसला तर ओबीएसला दोष देण्याआधी तेथे पाहावे.

अपडेटच्या आधी

ओबीएस उघडून ‘फाइल’ मेनूतील ‘शो सेटिंग्ज फोल्डर’ निवडावे. उघडणाऱ्या फोल्डरमध्ये आपले सगळे सीन (पडद्यावर काय कोठे दिसावे याच्या मांडण्या), प्रोफाइल (चित्रीकरण व प्रक्षेपणाच्या सेटिंग्जचे संच) आणि इतर सेटिंग्ज असतात. फोल्डर दिसले की ओबीएस पूर्ण बंद करून त्याची संपूर्ण प्रत तारीख घालून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना सेटिंग्जची मांडणी बदलू शकते, त्यामुळे जुन्या आवृत्तीकडे परतायचे झाल्यास ही आधीची प्रतच उपयोगी पडते.

या प्रतीविषयी दोन सावधगिऱ्या आहेत. सीनमध्ये वापरलेली चित्रे आणि ध्वनिफिती तिच्यात नसतात, फक्त त्या कोठे आहेत त्याचे पत्ते असतात. म्हणून शाळेचे बोधचिन्ह, सुरुवातीची धून वगैरे एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याचीही प्रत घ्यावी. दुसरे असे, की थेट प्रक्षेपण करणाऱ्यांची स्ट्रीम की प्रोफाइलमध्ये साठवलेली असते. ती ज्याच्या हाती लागेल त्याला आपल्या वाहिनीवर प्रक्षेपण करता येईल. सहकाऱ्याला ‘माझ्या सेटिंग्ज घ्या’ म्हणून प्रोफाइल पाठवताना नेमकी हीच चूक होते. पाठवायचेच असेल तर सीन कलेक्शन, म्हणजे नुसत्या सीनचा संच, पाठवावे. प्रोफाइल पाठवून झाले असल्यास यूट्यूबवर जाऊन की बदलून घ्यावी.

अपडेटनंतर

महत्त्वाच्या तासाच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये. मोकळ्या दिवशी करावे आणि पाच मिनिटांचे खरेखुरे चित्रीकरण करावे, म्हणजे माइकवर बोलावे, फळ्याचा सीन बदलावा, एखादा व्हिडिओ लावावा. ते चित्रीकरण सुरू असताना ‘स्टॅट्स’ची, म्हणजे आकडेवारीची, खिडकी उघडी ठेवावी. रेंडरिंगमुळे (चित्र रचताना) फ्रेम चुकत असतील तर ग्राफिक्सवर ताण आहे, एन्कोडिंगमुळे (व्हिडिओ आवळून साठवताना) सुटत असतील तर एन्कोडर मागे पडतो आहे, आणि थेट प्रक्षेपणात गळालेल्या फ्रेम दिसल्या तर दोष इंटरनेटचा आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि ‘अपडेटनंतर अडकते’ एवढेच सांगणाऱ्याला कुणी मदत करू शकत नाही, ते यामुळेच. पाच मिनिटांची फाइल शेवटपर्यंत पाहावी आणि ओठ व आवाज जुळतात का ते तपासावे.

ओबीएस उघडताच बंद पडू लागले, तर सेफ मोड वापरावा. नोव्हेंबर २०२३ मधील ३० व्या आवृत्तीपासून ही सोय आहे: आधीच्या वेळी ओबीएस नीट बंद झाले नसेल, तर ते स्वतःच तशी विचारणा करते. सेफ मोडमध्ये बाहेरची प्लगइन उघडली जात नाहीत. तेथे सगळे सुरळीत चालले, तर दोष एखाद्या प्लगइनचा आहे आणि तक्रार त्याच्या लेखकाकडे न्यावी. तेथेही बंद पडत असेल, तर ती ओबीएसच्या चमूला कळवण्याजोगी गोष्ट आहे.

तक्रार कळवताना लॉग, म्हणजे ओबीएसने स्वतः ठेवलेली कामाची नोंद, जोडावा लागतो, आणि तो कसा तयार करावा हे फार थोड्यांना माहीत असते. ओबीएस बंद करून पुन्हा उघडावे, ज्यात अडचण येते ते चित्रीकरण किमान अर्धा मिनिट चालवून थांबवावे, आणि मगच ‘हेल्प’ मेनूतील ‘लॉग फाइल्स’मधून चालू लॉग अपलोड करावा. नुसते उघडून पाठवलेल्या लॉगमध्ये अडचणीचा भागच नसतो. अपलोड केलेला लॉग दुवा असणाऱ्या कुणालाही दिसतो आणि फाइलींच्या पत्त्यांत संगणकावरचे आपले नाव येऊ शकते, म्हणून त्याआधी ‘व्ह्यू’ निवडून एकदा नजर फिरवावी. ओबीएसची भाषांतरे क्राउडिन या भाषांतराच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. ज्या मेनूचे नाव शिक्षकांना हटकून अडते, त्याला चांगला मराठी शब्द सुचला असेल तर तो तेथे मांडता येतो.

दोन पूर्ण तास नव्या आवृत्तीत नीट चित्रित होऊन हाती आले, की जुनी प्रत ठेवण्याचे कारण उरत नाही. तिच्यात स्ट्रीम की आहे हे लक्षात ठेवून ती पेन ड्राइव्हवरून आणि शाळेच्या सामायिक संगणकावरून पुसावी, रीसायकल बिनही रिकामे करावे, आणि चिकटवलेल्या यादीवर आवृत्तीचा नवा क्रमांक व तारीख लिहावी.