मूल चुकीचं वाचतं तेव्हा: भाषा शिकवायला शिकताना

सराव पाठाच्या तिसऱ्या दिवशी एका मुलीने वाचलं, 'घोडा पळाला.' पुस्तकात होतं 'घोडा धावला'. मी तिथेच तिला थांबवलं, "नीट बघ." तिने बघितलं आणि 'धा… व… ला' असं जोडजोडून वाचलं. पुढची अख्खी गोष्टही मग तिने तशीच अक्षरं जोडत वाचली. तोवर तिला गोष्ट कळत होती. ते कळणं मी थांबवलं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. तुम्हीही भाषेचे शिक्षक व्हायला निघाला असाल तर हे करून बघा.

साधारण 100 शब्दांचा उतारा घ्या आणि एका मुलाला शेजारी बसवून वाचायला सांगा. आपण मध्ये बोलायचं नाही, फक्त लिहायचं. बरोबर शब्दाला टिक. चुकला तर मुलाने काय म्हटलं ते वर आणि छापलेला शब्द खाली. मागे जाऊन स्वतःच सुधारला तर 'स्व' लिहा, ती चूक मोजू नका. न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांची ही पद्धत 'रनिंग रेकॉर्ड' म्हणून ओळखली जाते. 95 किंवा जास्त शब्द बरोबर आले तर उतारा त्या मुलाला सोपा, 90 ते 94 आले तर आपल्या मदतीने शिकण्याजोगा, त्याखाली गेला तर कठीण. सुरुवातीला माझा हात मागे पडायचा. दहाएक मुलं झाल्यावर जमलं.

पण आकड्यापेक्षा चुका बघण्यात खरा अर्थ आहे. प्रत्येक चुकीला तीन प्रश्न विचारा: अर्थ जुळतो का? वाक्यात बसतो का? अक्षरं जुळतात का? 'पळाला'मध्ये पहिल्या दोन्हींना 'हो', अक्षरं मात्र वेगळी. दुसऱ्या एका मुलाने 'रात्र झाली, सगळे झोपले' हे 'राख झाली, सगळे झोपले' असं वाचलं. सुरुवातीचं 'रा' जुळलं, वाक्यही व्याकरणात बसलं, अर्थ मात्र हरवला आणि तो न अडखळता पुढे गेला. मला या मुलाची काळजी जास्त वाटते.

म्हणून दोघांना वेगळं विचारायचं, तेही वाक्य संपल्यावर. तिला: "'पळाला' असतं तर शब्द कोणत्या अक्षराने सुरू झाला असता?" त्याला: "राख झाली म्हणून सगळे झोपले? तुला पटतंय?" तो हसला आणि आपणहून मागे गेला.

विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या निरीक्षणातून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम 1 सेकंद वाट बघतात, आणि तीच 3 सेकंद केली तर मुलांची उत्तरं लांब होतात. 3 सेकंद खूप वाटतात हो! मी बुटातल्या बुटात अंगठा तीनदा दाबते, तोवर तोंड उघडत नाही.

लिखाणाचंही तसंच. एका मुलाच्या चार ओळींवर मी अकरा लाल गोल केले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, काही सोडलं नाही. पुढच्या वेळी त्याने दोनच ओळी लिहिल्या, येत होते तेवढेच शब्द वापरून. आता आधी मजकुराबद्दल एक खरा प्रश्न लिहिते ("मग कुत्रा परत आला का?") आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक घेते. 'पानी' लिहिणारं मूल घरी ऐकतं तसंच लिहीत असतं, त्याला "तुझं चुकलं" म्हणू नका. "पुस्तकात हा शब्द शोध बरं" एवढं पुरतं.

त्या मुलीचं वाचन गेल्या आठवड्यात पुन्हा ऐकलं. एका शब्दावर ती चुकली आणि थबकली. मी अंगठा दाबला. दुसऱ्यांदा दाबायच्या आत ती ओळीच्या सुरुवातीला गेली आणि वाक्य बरोबर वाचून पुढे निघाली. मी कागदावर 'स्व' लिहिलं.