वाफा, नणंदेची बाटली आणि माझी थायरॉइडची गोळी

पाळी बंद होऊन वर्ष होत आलं आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. मालवणात मे महिन्यात आधीच घामाची आंघोळ, त्यात मी रात्री दोनदा गाऊन बदलायचे. नणंदेनं कॅप्सूलची बाटली दिली. ‘झाडपाल्याचाच आसा गो वैनी, काय होवचा नाय!’ आत सोया आणि ब्लॅक कोहोश नावाची एक परदेशी वनस्पती. विसरायला नको म्हणून मी ती सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच गिळायचे.

दोन महिन्यांनी वाफा होत्या तशाच, वर पाय जड, केसांचे पुंजके फणीत. रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडत होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. सोयामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणाल्या. कॅल्शियमचंही तेच, 4 तासांचं अंतर हवं. ब्लॅक कोहोशनं क्वचित यकृताला इजा होते, आणि वाफांवर त्याचा भरवशाचा पुरावाही नाही.

बाटली बंद. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. दीड महिन्यानं टीएसएच जागेवर आला. वाफांसाठी संध्याकाळचा चहाही सोडलाय (हेच सगळ्यात जड गेलं). वाफा अजून येतात. हार्मोनच्या गोळ्यांचं मॅमोग्राफीनंतर (स्तनांचा एक्स-रे) ठरवणार आहोत.