टर्मिनलमध्ये प्रॉक्सी चालते, डॉकरला मात्र दिसत नाही

लिनक्स सर्व्हरवर एक्सपोर्ट करून प्रॉक्सी (इंटरनेटकडे नेणारा मधला सर्व्हर) दिली, कर्ल (टर्मिनलमधून वेब पत्ता उघडणारी कमांड) झकास चालतं, पण डॉकर पुल, म्हणजे कंटेनर (अॅपचा बंदिस्त डबा) ज्यावरून बनतो ती इमेज डाउनलोड करणारी कमांड, टाइमआउट होतं. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल त्या शेलपुरतं (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम) आणि त्यातून सुरू झालेल्या प्रोसेसपुरतंच असतं. इमेज डाउनलोड करतो तो डॉकरचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारी सेवा. त्याला सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) सुरू करतं, आणि तुमच्या बॅशआरसीशी (शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) त्याचा काडीचा संबंध नाही.

म्हणून रूट होऊन ‘सिस्टिमसीटीएल एडिट डॉकर’ चालवा. उघडलेल्या फाइलमध्ये सर्व्हिस विभागाखाली एन्व्हायर्न्मेंटच्या ओळी टाका: एचटीटीपी प्रॉक्सी, एचटीटीपीएस प्रॉक्सी, नो प्रॉक्सी (ज्यांच्यासाठी प्रॉक्सी वापरायची नाही ते पत्ते). एचटीटीपीएस प्रॉक्सीचा पत्ताही बहुधा साध्या एचटीटीपीनेच सुरू होतो; तिथे उगाच ‘एस’ जोडू नका. मग डॉकर रीस्टार्ट. चालू कंटेनर थांबू शकतात, तेव्हा वेळ बघून करा.

खरी मेख प्रॉक्सीच्या पासवर्डात. त्यात ‘@’ असेल तर यूआरएलमध्ये ‘%४०’ लिहावं लागतं (आकडे अर्थात इंग्रजी). पण सिस्टिमडी ‘%’चा वेगळाच अर्थ लावतं, म्हणून इथे ते दोनदा: ‘%%४०’.

नो प्रॉक्सीत लोकलहोस्ट, १२७.०.०.१ आणि घरची रजिस्ट्री (इमेज साठवणारा सर्व्हर) असेल तर तिचं नाव हवंच, नाहीतर शेजारच्या मशीनकडे जाणारी विनंतीही उगाच प्रॉक्सीमार्गे जाते.

कंटेनरच्या आतली प्रॉक्सी वेगळी. ती डॉकर क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये द्यायची.