आंगणात मुरूम-गिट्टी टाकायच्या आधी

दर विचारायच्या आधी टेप हातात घ्या. गावात नेमकं उलटं होतं. पहिला फोन जातो ट्रॅक्टरवाल्याला, "भाऊ, मुरमाची ट्रॉली कितीला?" तो आकडा सांगतो, मग आपण दुसऱ्याला विचारतो, स्वस्त सांगणारा ठरतो आणि ट्रॉलीत माल किती येतो हे विचारायचं राहून जातं. मीही असंच केलं होतं. घरासमोरचं ४० बाय २५ फुटांचं आंगण, खाली काळी माती, पावसाळ्यात दारातून मोटरसायकल निघत नव्हती. सहा ट्रॉल्या सांगितल्या, सहा ब्रासचे पैसे दिले. शेवटची ट्रॉली रिकामी झाल्यावर तिला टेप लावला. आतून १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद, फळी दीड फूट उंच. म्हणजे ८२.५ घनफूट, आणि ब्रास असतो १०० घनफुटांचा. सहा ट्रॉल्यांचे झाले ४९५ घनफूट, पाच ब्राससुद्धा नाही. रोलर फिरल्यावर सहा इंचांऐवजी थर भरला साडेचार इंच आणि श्रावणात त्याच आंगणात पुन्हा टाचा रुतल्या.

म्हणून पहिलं काम वहीवर. जागेची लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, थराची जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १२०० ने भागा. उत्तर थेट ब्रासमध्ये येतं. माझ्या आंगणाचं ४० गुणिले २५ गुणिले ६, भागिले १२००, म्हणजे ५ ब्रास. पण हा दाबून बसलेला मुरूम झाला. ट्रॉलीतून येतो तो मोकळा असतो, पाणी मारून रोलर फिरला की दबतो. त्यासाठी २५ ते ३० टक्के जास्त धरा. पाचाचे साडेसहा ब्रास होतात आणि माझ्या त्या ट्रॉलीच्या मापाने आठ खेपा लागतात. मी सहा आणल्या होत्या. जागा वाकडीतिकडी असेल तर तिचे दोन-तीन चौकोन पाडून वेगवेगळे मोजा, अंदाजाने एकच माप धरू नका.

काळ्या मातीचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे बहुतेक घरं तिच्यावरच उभी आहेत. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर दोन पावसाळ्यांत तो खाली जातो आणि माती वर येते. वरची चारेक इंच माती गवताच्या मुळांसकट काढून टाका, तळ धुम्मसाने ठोका, मग मुरूम टाका. थराची जाडी त्या खोदलेल्या तळापासून मोजायची. चार इंच काढली आणि जमिनीच्या वर दोन इंच हवा असेल तर सहा इंच धरा. निघालेली माती फेकू नका. १००० चौरस फुटांतून चार इंच म्हणजे तीन ब्रासच्या वर माती निघते, तीच फुलझाडांच्या वाफ्यांना आणि लिंबाच्या आळ्याला लागणार आहे. फक्त ती काढायची मजुरी आधीच वहीत लिहा. ही मजुरी लिहायला सगळेच विसरतात.

उताराचाही विचार याच वेळी करा. घरापासून बाहेर दर चार फुटांना एक इंच उतार पुरतो. पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात मुरूम टिकत नाही, तिथे गिट्टीच हवी. ४० फूट लांब, २ फूट रुंद, ४ इंच जाड पट्टा म्हणजे पाव ब्रासच्या थोडं वर. पायवाटेला १० ते १२ मिलिमीटरची बारीक गिट्टी चालायला बरी पडते. गाडी जाणार असेल तिथे खाली ४० ची आणि वर २० ची टाका. कडेला विटा किंवा दगड उभे लावल्याशिवाय गिट्टी जागेवर राहत नाही, म्हणून त्या विटाही मोजा.

क्रशरवर पुष्कळदा टनाने हिशेब होतो. गिट्टीचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. या एका आकड्याने टनाचा दर ब्रासमध्ये आणि ब्रासचा टनात करता येतो. रेती घ्यायची असेल तर ती किती ओली आहे ते बघा. थोडी ओलसर रेती फुगते, मापात वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त दिसते, आणि आपण त्या हवेचे पैसे देतो.

आता दर. फोनवर विचारायचा प्रश्न एकच ठेवा: माझ्या फाटकाच्या आत, खाली करून, ब्रासला किती? त्यात काय काय धरलंय ते एकेक वदवून घ्या. मालाची किंमत, भराई, वाहतूक, रॉयल्टी, जीएसटी. गिट्टी-रेतीवर जीएसटी ५ टक्के आहे. मुरूम-गिट्टीसारख्या गौण खनिजाचं स्वामित्वधन, म्हणजे हीच रॉयल्टी, राज्याने २०२१ मध्ये ब्रासमागे ४०० वरून ६०० रुपये केलं. एखाद्याचा दर बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर रॉयल्टी भरलेली नाही असं समजा आणि वाहतुकीची पावती मागा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होते. माल आपल्या दारात पडलेला असतो, तलाठी आल्यावर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. चारशे-पाचशे रुपये वाचवायला हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बागेच्या मातीसाठी मात्र एक चांगली सोय आहे. ज्यांचं वावर आहे त्यांना 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातला गाळ रॉयल्टीशिवाय नेता येतो. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव गावोगावी आहेत, आमच्या इकडे पाझर तलाव. गाळ वावरात पडला की घराजवळच्या परसबागेला विकतच्या मातीची गरज राहत नाही.

मुरूम खाणीवर जाऊन बघा. मूठभर घ्या, ओला करा, दाबा. बोटांना खरखर लागली आणि हात झटकल्यावर बराचसा सुटला तर चांगला. लोण्यासारखा चिकटून राहिला तर त्यात माती आहे. खात्री करायची असेल तर पाण्याच्या बाटलीत मूठभर टाकून हलवा आणि अर्धा तास ठेवा. खडे तळाशी बसतात, त्यावर बारीक रेती, वर गाळाचा थर. गाळाचा थर जाड दिसला की तो मुरूम आंगणासाठी घेऊ नका.

हायवाने, म्हणजे मोठ्या टिपरने, माल आणला तर ब्रासमागे वाहतूक स्वस्त पडते, शेजाऱ्यासोबत मिळून मागवला तर आणखी. पण हायवा आठ फूट रुंद असतो, फाटकाची रुंदी आधी मोजा. वळायला जागा बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर विजेची तार आहे का ते बघा. माल ओतताना डाला बराच वर उचलला जातो. तार आडवी येत असेल तर ट्रॅक्टरच बोलवा, महाग पडला तरी.

वेळेचं म्हणाल तर माघ-फाल्गुन मला बरा वाटतो. कापूस-सोयाबीनच्या दिवसांत ट्रॉल्या मोकळ्या नसतात, मे महिन्यात दबाईला टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, मृगानंतर पांदणीतून भरली गाडी येत नाही आणि पावसाळ्यात नदीतून रेतीचा उपसा बंद असतो.

गाडी येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा. ओतायच्या आधी आतून टेप लावा, फळ्या वर फाकलेल्या असतील तर तळाची आणि वरची रुंदी घेऊन सरासरी काढा. खाणीवर टोप भरून, म्हणजे फळीच्या वर ढीग करून, निघालेला माल खड्ड्यांच्या रस्त्याने बसत येतो, म्हणून माप दारातच घ्यायचं. "सगळे ट्रॉलीनंच घेतात भाऊ," असं ड्रायव्हर म्हणेल. त्याला पाणी द्या, चहा द्या आणि माप वहीत लिहून त्याला दाखवा. ढीग एकाच कोपऱ्यात करू देऊ नका, आंगणभर पाच-सहा जागी ओतायला सांगा, पसरवायची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचते. अर्धा ब्रास मुरूम गोठ्यामागे झाकून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर जिथे पाणी साचेल तिथे तो लागतो.