पहिलं कार्ड 'नको'चं

स्पीच थेरपीकडे वळायचं तर बारावी सायन्सनंतर बी.ए.एस.एल.पी. ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी करावी लागते. माझ्या वेळी चार वर्षांचा कोर्स होता, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. मुंबईत हा कोर्स शिकवणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. हे सगळं माहितीपत्रकात मिळतं.

इंटर्नशिपमध्ये माझ्याकडे साडेचार वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा आला. कानांची तपासणी झालेली होती. (ती झाली नसेल तर थेरपी सुरूच करू नका, आधी ती करून घ्या.) तोंडात शब्द एकही नाही, आणि नावडती वस्तू पुढे केली की चावायचा. मी आपली रोज "बोल, पाणी! बोल ना!" चालू ठेवलेलं. आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "विचारतेस तू आणि उत्तरही तूच देतेस. मनात दहा आकडे मोज की!"

मग चित्रकार्डं केली, म्हणजे शब्दाऐवजी मुलाने हातात द्यायची कार्डं. मराठीची गंमत तिथे कळली. भात हवा, पोळी हवी, पाणी हवं. मग कार्डावर लिहायचं काय? 'दे' आणि 'नको' मात्र लिंगाच्या भानगडीत पडत नाहीत. मी 'नको'पासून सुरुवात केली.

आई नाराज झाली. "आधीच हट्टी आहे, त्यात तुम्ही नको शिकवताय?" शिवाय चित्रांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, ही भीती. ती जवळजवळ प्रत्येक घरात भेटेल. चित्रांमुळे बोलणं अडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काही मुलांना मदतच होते. पण हे एकदा सांगून भागत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवणारं ॲप मराठीतही आहे. ते आईच्याच फोनवर टाकून द्या, आणि स्वतः बोलताना तिनेही चित्रावर बोट ठेवायचं हे दाखवा.

मुलाने 'नको'चं कार्ड दिलं की मी ती वस्तू लगेच उचलायचे, दरवेळी. हळूहळू चावणं कमी झालं. मग आईचा फोन: "आता आंघोळीलाही नको!" आंघोळ काही टाळता येत नाही. "नको म्हणालास, कळलं. दोन तांबे, मग झालं," असं म्हणायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी 'झालं'चं कार्ड बनवायला बसले.